याकोवचं विमान आणि बर्फावरच्या तीन रेघा

मी मात्रोना एवन, कै. याकोव एवन याची बायको, वय अंदाजे एक्क्याऐंशी, राहणार कुस्कोक्विम नदीकाठ, अलास्का, हे मृत्युपत्र तोंडी सांगून लिहवून घेत आहे. डोकं ठिकाणावर आहे. शंका असेल त्याने येऊन वाद घालून पाहावा. मला अक्षरं येत नाहीत, म्हणून चर्चमधला लुकी लिहितो आहे. लुकी माझ्या मुलाबरोबर मासेमारीला जातो, म्हणून टपालवाली पेलागिया हे नंतर मला मोठ्यानं वाचून दाखवेल. लुकी, हेही लिही.

१. घर आणि मासे धुरवायची खोपटी मुलगा गाव्रिला याला. खोपटीचं कुलूप मी दोनदा बदललं. का, ते त्याला ठाऊक आहे.

२. मासे कापायची अर्धगोल सुरी पेलागियाला. मेल्यावरच. आतापासून धार बघायला येऊ नये.

३. नवऱ्याचं शेपटीला चाक असलेलं दोन आसनी विमान. गाव्रिलाला ते विकायचं आहे. दोन वर्षांपूर्वी उडवता उडवता त्याने ते झुडपांत घातलं आणि म्हणाला, "आई, वारा एकदम फिरला गं!" वारा फिरला नव्हता. चाळीस वर्षं मी धावपट्टीच्या टोकाशी उभी राहिले आहे. वारा सकाळपासून डावीकडून होता. अशा वाऱ्यात विमानाचा दांडा डावीकडे धरायचा, म्हणजे डाव्या पंखाची मागची पट्टी वर उठते आणि तो पंख वाऱ्यात दबून राहतो. त्याची आडवीच होती. त्यात शेपटी घाईनं उचलली. शेपटी उचलताना नाक तसंही डावीकडे ओढतं.

४. यंदा पहिला पातळ बर्फ पडला त्या दिवशी प्रार्थनेहून आले, तर विमान जागेवर, पण इंजिन कोमट. धावपट्टीवर चाकांच्या रेघा. आधी तीन. मग मधली, शेपटीची, संपली. मग उजवी. डावी एकटीच पंधरा पावलं सरळ, आणि पुढे कोरा बर्फ. उतरल्याच्या रेघा बाजूला वेगळ्या. वारा डावीकडचाच, म्हणजे वाऱ्याकडचं चाक शेवटी सुटलेलं, दांडा नीट धरलेला. हे गाव्रिलाचं काम नव्हे. गिऱ्हाईक चोरून उडवून गेलं, असा मला संशय आला. पण बुटाच्या ठशात टाचेला मीच शिवलेलं ठिगळ होतं.

नात नास्तास्याला चुलीपाशी गाठलं.

"आजी, बाबांना सांगू नकोस गं. ते म्हणतात, पोरींनी मासे कापावेत."

"शिकवलं कोणी?"

"विमान शहरातल्या बाईंनी. वारा आजोबांनी. पण तुला कळलं कसं?"

"रेघा मोडून टाकायच्या ना, बावळट! बरं, घाबरू नकोस. तुझ्या बापाला नुसती अक्षरं वाचता येतात."

५. सबब विमान नास्तास्याला. गाव्रिलाने हरकत घेतल्यास त्याने डावीकडच्या वाऱ्यात, ताज्या बर्फावरून, साक्षीदारांदेखत उड्डाण करावं. रेघा पेलागियाने तपासाव्यात. त्याआधी पट्टीवर कोणी बर्फगाडी फिरवल्यास ती गाव्रिलानेच फिरवली असं धरून हरकत रद्द समजावी.

वाचून दाखवलं. कलम तीनमध्ये "वारा फिरला नव्हता" याऐवजी लुकीने "वारा फिरला असावा" लिहिलं होतं. खोडून दुरुस्त करून घेतलं. खाडाखोडीवर एक अंगठा, खाली एक.

मात्रोना एवन, डाव्या हाताचा अंगठा

साक्षीदार: पेलागिया निक, टपालवाली, एफिम चार्ल्स, दुकानदार. लुकी साक्षीदार नाही.

कुस्कोक्विम नदीकाठ, १२ नोव्हेंबर. वारा डावीकडून.