हवेवर जगणाऱ्याची तपासणी

प्रिय ठमे,

तू सोपवलेलं काम करून आलो. मावशीच्या त्या हवाखाऊ सरांना पाहिलं, अगदी जवळून पाहिलं. निकाल सांगतो, पण लॅबमधली जुनी सवय आहे, आधी नमुना कसा घेतला ते सांगायचं आणि मग निकाल. फोनवर तू मध्येच 'बाबा, मुद्द्यावर ये' म्हणतेस. कागद तेवढा निमूटपणे ऐकून घेतो.

तुला माहीतच आहे, मावशी या रविवारपासून अन्नपाणी सोडणार होती. सर म्हणे कित्येक वर्षं काही खात नाहीत, पाण्याचा थेंब घेत नाहीत, श्वासातूनच त्यांना सगळं मिळतं. मावशी एक वेळच्या जेवणावर आली होतीच, आता तेही बंद करायचं, असा सरांचा सल्ला. तू माझ्यावर केवढी उखडलीस! 'आयुष्यभर लोकांचं रक्त आणि लघवी तपासलीस, आता या माणसाला तपास, नाहीतर मावशी हातची जाईल.' खरं सांगतो, तुझं ते ओरडणं ऐकून बरं वाटलं. निवृत्त झाल्यापासून मला कुणी काम सांगितलं नव्हतं, आणि तुझी आई गेल्यापासून कुणी ओरडलंही नव्हतं.

सरांची बैठक एका बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानात भरते. प्लास्टिकच्या खुर्च्या, एक पंखा आणि दारात मास्कचा खोका. प्रत्येकाला नवा कोरा मास्क देतात आणि तो घातल्याशिवाय आत सोडत नाहीत. का, तर आपल्या उच्छ्वासाने सरांचं जेवण खराब होतं. मावशीने हे इतक्या गंभीरपणे सांगितलं, की मला हसू दाबताना ठसका लागला. तिने डोळे वटारले, थेट तुझ्या आईसारखे.

सर पन्नाशीचे, गुबगुबीत, गोड बोलणारे. मावशीने ओळख करून दिली, 'हे माझे भावोजी, यांना शंका आहेत.' सरांनी मला शेजारची खुर्ची दिली. शंकेखोर माणूस त्यांना आवडतो म्हणाले. मी माझ्या पद्धतीने बघत होतो. ओठ कोरडे नव्हते, जीभ ओली होती, आणि पंख्याखाली बसूनही कपाळावर घाम डवरला होता. रुमाल काढून पुसत होते बिचारे. आता पाणी आत गेल्याशिवाय बाहेर कुठून येणार? हवेतून घोटघोट पाणी पिण्याची सोय अजून तरी माणसाच्या अंगात झालेली नाही. मी मनात शेरा मारून टाकला आणि निघायच्या विचारात होतो, तेवढ्यात तो वास आला.

तुला सांगितलं असेल कधीतरी. माणूस उपाशी राहिला, की शरीर अंगावरचीच चरबी जाळायला घेतं, आणि मग श्वासाला एक गोडसर वास येतो. तू नखांचा रंग काढायला जे औषध वापरतेस ना, तसा. जेवण सोडलेले पेशंट यायचे, तेव्हा हा वास इतका घेतलाय की तो ओळखण्यात माझी चूक होणार नाही. आणि इथे तो येत होता. सर बोलायला माझ्याकडे वळले, तर आणखीच जाणवला. मी चरकलो. पाणी पितो हे नक्की, पण हा माणूस खरोखर जेवत नाही की काय? माझा चेहरा मावशीच्या लक्षात आला. बाहेर पडताना ती म्हणाली, 'पटलं ना?' आणि मी बस पकडायला निघालो. रविवार तोंडावर आलेला आणि माझाच शेरा डळमळलेला.

बसमध्येही वास येत होता. वाटलं, कपड्यांत बसला असेल. घरी आलो, चहा ठेवला, नेहमीसारखा कोरा आणि बिनसाखरेचा. कप तोंडाला लावताना कळलं, मास्क अजून तोंडावरच आहे. घरात टोकणारं कुणी नसलं की असं होतं. मास्क काढला तर वास गेला. पुन्हा लावला, दोन श्वास घेतले, वास आला. ठमे, नमुना घेण्याआधी बाटली स्वच्छ आहे का बघायची, हे मी लॅबमधल्या प्रत्येक नव्या माणसाला घोकून घोकून शिकवलं. इथे बाटली मीच होतो.

मग काल काय जेवलो ते आठवायला बसलो. आठवेना. परवाचंही आठवेना. फ्रीज उघडला, तर आत अर्धं सुकलेलं लिंबू आणि तुझ्या आईच्या डोळ्यांत घालायचे थेंब. मी काही ठरवून सोडलं नव्हतं गं. एकट्यासाठी कुकर कशाला लावायचा, असं म्हणता म्हणता गॅस फक्त चहापुरता पेटायला लागला. भूक दोनचार वेळा हाक मारते, कुणी ओ दिली नाही की तीही निघून जाते.

तसाच मावशीकडे गेलो. उपदेश केला नाही. मास्क तिच्या हातात दिला आणि सांगितलं, उपाशी माणसाचा हा वास मला तिथे आला, तो सरांचा नाही, माझा आहे. तिने मास्क हुंगला, माझ्याकडे नीट पाहिलं, बहुतेक बऱ्याच दिवसांनी पाहिलं. पँट पट्ट्याने कशी गोळा केलीय तेही पाहिलं. तिने बटाटे उकडायला ठेवले. मग पाठमोरी उभी राहून म्हणाली, 'भावोजी, तिथे निदान रोज कुणीतरी विचारतं, आज कसं वाटतंय.' मला एवढंच सुचलं, की मी विचारत जाईन. आम्ही बटाटे, अंडी आणि भात खाल्ला. तिने दोनदा वाढून घेतलं आणि रविवारचं नावही काढलं नाही. मला अर्ध्यातच पोट दुखायला लागलं, पण संपवलं.

तर निकाल असा, की न खाता कुणी जगत नाही. तुला पुरावा हवा होता, तो मीच आहे. तू रोज विचारतेस, 'जेवलास का?' आणि मी 'हो' म्हणतो, कारण 'नाही' म्हटलं तर तू तिकडे तडफडशील आणि येऊ तर शकणार नाहीस. आजही फोनवर तेच म्हणून गेलो असतो, तोंडाला वळणच पडलंय, म्हणून लिहायला बसलो. मला एकटं जेवता येत नाही, ठमे. एवढंच होतं ते. तेव्हा आता विचारू नकोस. तू जेवायला बसलीस की फोन लाव आणि ताटाशेजारी ठेव. मीही इथे वाढून घेईन. बोललंच पाहिजे असं नाही. लहानपणी तू मचमच आवाज करत जेवायचीस आणि मी दर घासाला ओरडायचो, आठवतं? तशी मचमच कर. मी काही म्हणणार नाही.

तुझाच,
बाबा