चमचा ज्याच्या हातात

९ जानेवारी
वर्गात सगळ्यांत म्हातारी मीच. छापखाना बंद पडला, आता प्रुफं तपासणारी बाई कुणाला हवी? म्हणून हा कोर्स – कुटुंबातले नातेसंबंध. पास झाले तर भेटकेंद्रात मदतनीस. वेगळ्या झालेल्या आईवडिलांची मुलं तिथे येतात, ज्याच्याकडे राहत नाहीत त्याला भेटायला. मदतनिसाने कोपऱ्यातल्या खुर्चीत बसायचं. बोलायचं नाही, लक्ष ठेवायचं.
मुलगा म्हणाला, "म्हणजे लोकांच्या भांडणात खुर्ची टाकून बसायचं. ते घरी फुकट बघायला मिळतंय की."
सून हसली नाही.

२० जानेवारी
आजचा धडा – उत्तर देण्याआधी समोरच्याचं म्हणणं आपल्या तोंडाने परत म्हणायचं. सल्ला नको, समजूत नको.
घरी येऊन नातीवर करून पाहिलं. भिंगरी तिचं नाव आम्ही पाडलेलं. पाच वर्षांची, एका जागी ठरत नाही.
"आजी, मला भाजी नको."
"तुला भाजी नको, असं तू म्हणतेस."
माझ्याकडे बघत राहिली. "आजी, तुला ऐकू येत नाही का?"

२ फेब्रुवारी
मुलगा उशिरा आला. दार आपटलं. सुनेने ताट वाढलं आणि दाराशी जाऊन उभी राहिली.

११ फेब्रुवारी
कोर्स शिकवणाऱ्या बाईंनी (भेटकेंद्रही त्याच चालवतात) लाकडी चमचा वर्गात फिरवला. चमचा ज्याच्या हातात, त्यानेच बोलायचं. बाकीच्यांनी तोंड मिटून ऐकायचं. घरी करून या, पुढच्या तासाला सांगा, म्हणाल्या. दिलेल्या वेळेत काम द्यायचं, ही छापखान्याची सवय काही सुटत नाही.

१३ फेब्रुवारी
केलं एकदाचं. जेवणं उरकल्यावर टेबलाशी बसवलं दोघांना. मुलाने चमचा उलटसुलट करून पाहिला – "ऑफिसात चमचे, आता घरातही?" आणि बायकोकडे सरकवला. भिंगरी मध्ये घुसली, "मला पण! मला पण चमचा!" तो तिच्यावर ओरडला, "झोपायला जा." गेली.
सुनेने चमचा दोन्ही हातांनी धरला. मग म्हणाली, "ह्यांनी ताट भिंतीवर फेकलं ना, तेव्हापासून मी ह्यांचं जेवण होईपर्यंत दाराजवळ उभी राहते. भिंगरीला उचलून पटकन बाहेर जाता यावं म्हणून."
मला वाटायचं, वाढायला उभी राहते.
"मला इथे राहायचं नाही," म्हणाली, आणि चमचा टेबलावर ठेवला. कुणी उचलला नाही.

१६ फेब्रुवारी
बाईंनी विचारलं, "मोकळेपणाने बोलले का घरचे?"
"बोलले."
"छान!"

१ मार्च
सून भिंगरीला घेऊन बहिणीकडे गेली. बॅग मीच जिन्यावरून खाली आणली. रिक्षाशी थांबून म्हणाली, "आई, तुमच्यावर राग नाही. तुम्ही निदान विचारलंत."
याचं काय परत म्हणायचं असतं?
वर आले तर मुलगा – "घाल तुझा चमचा चुलीत."

२ मार्च
ताटं दोनच. चुकून चार काढली.

२० एप्रिल
सुनेच्या अर्जावर कोर्टाने भेट ठरवली. दर शनिवारी, भेटकेंद्रात, देखरेखीखाली. वडील किंवा आजी, कुणीही एकाने यावं.
बाईंनी मला बाजूला घेतलं. "तुमच्याच घरची केस इथे आली आहे. आता तुम्हाला त्या खुर्चीत बसवता येणार नाही."
"दुसरीकडे कुठे?"
"दुसरं केंद्रच नाही हो."
जन्मभर दुसऱ्यांच्या चुका शोधल्या. बाईंच्या बोलण्यात एकही सापडेना. नियम बरोबर आहे. नोकरी गेली – लागायच्या आधीच.
मुलाला म्हटलं, शनिवारी तू जा. "पिंजऱ्यात बसून माझ्याच पोरीला भेटू? तुला हौस आहे, तू जा."

४ मे
गेले. कोपऱ्यात माझ्याच वर्गातली मुलगी बसली होती. ओळख दाखवली नाही. नीट शिकली आहे.
भिंगरी सोफ्याच्या कडेला टेकली. बूट काढले नाहीत. "बाबा कुठाय?"
"कामाला."
"आज सुट्टी असते."
मग दाराकडे बघत बसली. बाहेर पाऊल वाजलं की अंग चोरायची. बाप येईल म्हणून की काय? विचारलं नाही. खेळणी तशीच राहिली. एका जागी ठरत नव्हती ती पोर तासभर हलली नाही.

११ मे
आज मात्र तिने खेळण्यांतून लाकडी चमचा शोधून काढला. माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "आता चमचा माझ्याकडे आहे. तू मध्ये बोलायचं नाही."
नाही बोलले.
"मला इथे नाही यायचं."
"तुला इथे यायचं नाही, असं तू म्हणतेस."
तिने मान डोलावली आणि चमचा माझ्या हातात दिला.
मी तो खेळण्यांत ठेवला. निघताना बाईंना सांगितलं, सुनेला कळवा – पोरीला पुन्हा आणू नको.