अळणी

आई,

आज आमटी अळणी झाली. तशीच जेवले आणि तुला लिहायला बसले. कोरेगावच्या स्वयंपाकघरात तू चव न घेता मीठ घालायचीस, कारण आधी नैवेद्य जायचा. मी एकदा बोट बुडवून चाखलं, तर ओरडलीस, "उष्टं केलंस व्हय गं? हात कशाला दिलाय देवानं?" तुझ्या हातचं मीठ कधी चुकलं नाही.

बाहत्तरचा दुष्काळ सरला त्या वर्षी तुला जुलाब झाले. ते थांबले आणि थोड्याच दिवसांत तुझे पाय गेले, मग हात. सांगलीच्या इस्पितळात डॉक्टर म्हणाले, शरीर स्वतःच्याच नसांवर उलटलंय, हळूहळू सुधारेल. पण तू वाटेतच देवीला बोलून बसली होतीस. "पायावर हुबी ऱ्हाईन तवाच मीठ खाईन."

मग तू भलतंच बोलू लागलीस. मला वैनी म्हणतेस, वॉर्डात म्हैस शिरली म्हणतेस. डॉक्टर सांगतात, रक्तातलं मीठ फार उतरलंय. पाणी अगदी कमी द्या, जेवणात मीठ घाला. मी मीठ घालून भात कालवते, पण जिभेला लागताच तू थुंकतेस. शेजारच्या खाटेवरची बाई हसते. "आवं मावशी, देवीला मीठ खपत न्हाई व्हय?" तेवढ्यापुरती तू शुद्धीवर येतेस. "देवीला खपतं गं. मलाच बोललेलं मोडायला खपत न्हाई." आणि तोंड मिटतेस. उघडतेस ते फक्त पाणी मागायला. ते मी देत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तुझे डोळे फिरले, दातखिळी बसली. संध्याकाळी तू गेलीस.

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, व्रतामुळे नव्हे. या दुखण्यात शरीर पाणी धरून ठेवतं, त्यात मीठ पातळ होत जातं. खाल्लं असतं तरी वाचल्या असत्या असं नाही.

घरी मी हे कुणाला सांगितलं नाही. "लय हट्टी बाई, मिठापायी गेली," असं म्हणणारे अजून आहेत. मी मान डोलावते. डॉक्टर खरं बोलत होते, हे मला कळतं. पण त्यांचं धरलं तर तुझ्या मरणात तुझं काहीच उरत नाही. नुसतं पाणी उरतं.

हे कुठे पाठवणार? पातेल्यात आमटी शिल्लक आहे. करताना मी चाखली नव्हती.