कानामागची फुली

बाबा, माझ्या मुलीला तुम्ही बिब्याची फुली मारलीत ती गाठीवर नव्हती. गाठ जबड्याखाली, डाव्या बाजूला, सुपारीएवढी. फुली चार बोटं वर, कानामागे. मी शाळेत फार गेलो नाही, ट्रकांची इंजिनं खोलून खोलून शिकलेला माणूस आहे. कुठला डाग कुठे होता हे मी विसरत नाही. तेव्हा विचारलं तर म्हणालात, गाठीचं मूळ वर असतं. सुईला टोचून दिव्यावर तापवलेला बिबा बघून पोर रडत होती, म्हणून मी पुढे बोललो नाही.

घटक राज्य व्हायच्या आधीचा, भाषेच्या भांडणाचा काळ तो. डिचोलीतल्या आपल्या मागच्या खोलीत बेळगावकडचा एक ड्रायव्हर बायकोसह राहत होता, खाणीच्या ट्रकवर. मराठी बोलतो म्हणून तुम्हीच कौतुकाने त्याला खोली दिली होतीत. त्याची बायको आमच्या पोरीला ज्वारीची भाकरी भरवायची. तो खोकायचा, खाणीच्या तांबड्या धुळीत कोण खोकत नाही? पण गाठ वाढली, ताप येऊ लागला, म्हापशाच्या डॉक्टरने क्षयाची शंका काढली, आणि तुम्ही जनेलातून मागच्या खोलीकडे बघत म्हणालात, "घाट्याची खोकली पोरीच्या गळ्यात उतरली." आठवड्यात खोली रिकामी. जाताना ती बाई पोरीला जवळ घ्यायला आली, तर तुम्ही दारात आडवे उभे राहिलात.

इथवर मी समजू शकतो. क्षयाला सगळेच भ्यायचे. पण मांजराचं काय? म्हापशाच्या बाजारातून पिलू तुम्हीच नातीसाठी आणलं होतं. ती त्याला मानेशी धरून झोपायची. फुली मारलीत त्याच्या दुसऱ्या सकाळी, ड्रायव्हर अजून खोलीत असताना, पिलू नाहीसं झालं. तुम्ही म्हणालात, सुके बांगडे पळवतं, सोडून आलो. मी आईला हळूच विचारलं. ती म्हणाली, बांगड्यांचा डबा तर बंदच होता.

मग पणजीचं मोठं इस्पितळ. ती खोली मला अजून दिसते. डॉक्टरीणबाई पोरीची मान वळवतात, फुलीवर बोट ठेवतात. म्हापशाच्या डॉक्टरने तिथली जखम बिब्याने भाजलेली म्हणून सोडून दिली होती. या विचारतात, "बिबा लावण्याआधी इथे काय होतं?"

"काय नव्हतं," तुम्ही म्हणता.

"घरात मांजर आहे?"

"ना."

खोटं नाही ते. तेव्हा नव्हतंच. पोर म्हणते, "आशिल्लें. आजोबान पोत्यांत घालून व्हेलें."

होतं, आजोबांनी पोत्यात घालून नेलं, हे ऐकून बाई हसल्या. म्हणाल्या, मांजराच्या नखातून एक जंतू शिरतो, ओरखडा बुजतो आणि जवळची गाठ सुजते. क्वचित दिसतं, म्हणून क्षय समजून भलतीच औषधं चालू होतात. गाठीतलं पाणी तपासलं, क्षय निघाला नाही. थोडं औषध दिलं, आणि पाऊस सरेपर्यंत गाठ विरली. ड्रायव्हरला शोधून बोलावू या, असं मी म्हणालो, तर जेवणावरून उठलात. मागची खोली पुन्हा कधी भाड्याने गेली नाही.

नंतर मी पुस्तकं मिळवून वाचली. ओरखड्याच्या जागी आधी लाल पुटकुळी येते. ती तुम्ही कानामागे पाहिली होती, असा माझा संशय आहे. नखाचं विष चढतं हे तुमच्या पिढीला कुणी शिकवायला नको होतं. मग फुली बरं करायला मारलीत की झाकायला? आपण प्रेमाने आणलेल्या पिलाने हे केलं हे सहन झालं नाही, म्हणून तो खोकणारा माणूस पुढे केलात? तुम्ही होतात तोवर मी विचारलं नाही. आता लिहितोय ते कुणाला दाखवणार नाही, पोरीला तर नाहीच.

काल ती तिच्या मुलाला घेऊन आली होती. म्हणाली, याला मांजराचं पिलू हवंय, तुमच्याकडे ठेवू का? मी म्हणालो, "नको, सुके बांगडे पळवील." ती बरं म्हणून आत गेली. बाबा, डॉक्टरने माझं मीठ बंद केल्यापासून आमच्या घरात सुका बांगडा आलेला नाही.