केंद्रकाभोवतीची हिरवी कड

१ ऑगस्ट
थिसिस झाल्यात जमा. फक्त लिहायचा राहिलाय. पेशीत इकडची चरबी तिकडे पोचवणारं माझं प्रोटीन केंद्रकाच्या कडेला बसतं, हे जगात मला एकट्याला माहीत आहे. चार वर्षं अँटिबॉडी टाकतोय. ती फक्त त्याच प्रोटीनला चिकटते आणि तिथे हिरवं चमकतं. आईने निम्म्या नारायण पेठेला सांगून ठेवलंय.

५ ऑगस्ट
माझ्या गाईड सुनीती मॅडम म्हणाल्या, केयूर, पेपर पाठवण्याआधी कंट्रोल कर. म्हणजे ज्या पेशींतून हे प्रोटीन काढून टाकलंय, त्यांच्यावर तीच अँटिबॉडी टाकायची. काहीच चमकायला नको. मी म्हटलं, औपचारिकता आहे. त्या म्हणाल्या, मग चार वर्षं मुहूर्त बघत होतास का? उत्तर तयार होतं. मोठ्यांचा मान म्हणून दिलं नाही.

तशा पेशी ज्युनिअर स्पृहाने आठ महिने खपून बनवल्यात. रविवारीसुद्धा धायरीहून यायची. माझ्यासाठी! पेपर आला की तिला विचारणार आहे.

१४ ऑगस्ट
कंट्रोल उद्या. उद्या सुट्टी. परवा.

२३ ऑगस्ट, सकाळी ११
केला एकदाचा. हिरवी कड दिसली. जिथे काहीच दिसायला नको, तिथे. हुबेहूब. निष्कर्ष : स्पृहाच्या पेशी गंडल्यात. बिचारी.

३० ऑगस्ट
लॅब मीटिंग. सगळ्यांसमोर, अगदी सौम्यपणे सांगितलं की पेशींतून प्रोटीन निघालेलंच नाही, घाईत काम केलं की असं होतं. तिच्याच भल्यासाठी. तिने विचारलं, तू तुझी अँटिबॉडी कधी तपासलीस? मी म्हटलं, डबीवर लिहिलंय की. ती म्हणाली, डबीवर वाचून भागत असेल तर लॅबला कुलूप लावू या. सगळे हसले. तिचे डोळे भरले होते. ॲलर्जी असावी.

४ सप्टेंबर
तिने पेशींचा डीएनए तपासून आणला. जीन साफ कापलेला. रिपोर्ट माझ्या टेबलावर ठेवला. मायक्रोस्कोप बिघडला असणार.

६ सप्टेंबर
कंट्रोल पुन्हा केला. मायक्रोस्कोप बदलला, डबी नवी उघडली. कड तिथेच. म्हणजे अँटिबॉडी भलत्यालाच चिकटत होती. चार वर्षं.

स्पृहाची माफी मागायची. आज नको, आवाज नीट नाही. उद्यापासून गणपती. सुट्टीनंतर, शांतपणे, चहा घेत.

१२ सप्टेंबर
माफीचे चार मुद्दे काढले. पहिल्या तिनांत माझी चूकच नाही, असं लक्षात आलं. पुन्हा लिहायला हवेत. ती दोनदा टेबलाशी येऊन थांबली. मी कामात असल्याचं दाखवलं.

२० सप्टेंबर
मीटिंगमध्ये उभा राहून सांगितलं : स्पृहाच्या पेशी बरोबर होत्या, माझा शोध खोटा होता. चांगलं बोललो. मॅडम म्हणाल्या, हे तिच्यासमोर म्हणायचं होतंस. ती सोमवारीच आपली लॅब सोडून बंगळुरूच्या लॅबला गेली. मी धरून चाललो होतो की ती विसर्जनासाठी रजेवर असेल. कुणाला विचारलं नाही.

ईमेल लिहायला बसलो. शोध गेला तेव्हा डोळे कोरडे होते, आत्ता चष्मा काढून ठेवावा लागला. ती गेली, आणि माझ्यामुळे गेली. ‘स्पृहा’ एवढंच लिहून झालंय. पुढचं वाक्य सुचत नाही.