न घेतलेली पाच नावं

भैंसा,
१३ ऑक्टोबर २०२५

चि. धम्मदीप यास ताईचा जयभीम आणि आशीर्वाद.

तू फोनवर सांगितली ती कागदं यासोबत पाठवून राह्यली. जिनिंगमधल्या आमच्या बारा बायांची मजुरी कंत्राटदार एकाच खात्यात टाकते. मला लिहिता येते, म्हणून खातं माझं. पैसे काढले की गेटापाशीच वाटून देतो. लिहून कोण ठेवते? आता इन्कमटॅक्सवाले वर्षभरात खात्यात आलेल्या साऱ्या अठरा लाखांना माझीच कमाई म्हणतात. अठरा लाखवाली बाई कापसातला कचरा वेचते काय रे?

आपला वाटा मिळाला असं लिहिलेल्या कागदावर सहा जणींनी अंगठे देले. पाच जणी नाही म्हणाल्या. कागदावर कमाई आली की रेशनकार्ड आन् पेन्शन जाईल, ही भीती. रुक्माबाई तर रडली. मी जोर केला नाही.

बहिणीवरचा जीव असाच राहू दे.

तुझी
चंपाताई

आदिलाबाद,
२१ नोव्हेंबर २०२५

ती. ताईस धम्मदीपचा सविनय जयभीम. वि. वि.

काल सुनावणीनंतर तू लगेच बस धरलीस, म्हणून लिहितो. अधिकारी वाईट नव्हता. सहा जणींचा वाटा त्याने मान्य केला. बाकीच्यांची नावं द्या, बोलावून विचारतो, एवढंच म्हणाला. आणि तू म्हणालीस, "नावं ध्यानात नाहीत, साहेब." चौदा वर्षं एका ढिगावर बसता तुम्ही! आता त्यांचा वाटाही तुझ्याच कमाईत धरला. कर पंचेचाळीस हजारांच्या वर, व्याज वेगळं. काऊन केलंस असं?

अर्धे मी भरतो. रागानं लिहिलं, पण माया कमी समजू नये.

तुझा
धम्मदीप

भैंसा,
८ डिसेंबर २०२५

चि. धम्मदीप यास आशीर्वाद.

अर्धे तू भर. नाही म्हणायचं बळ राह्यलं नाही. बाकीचे मी हळूहळू भरीन.

पाचही नावं तोंडाशी आली होती. पण रुक्माबाईचं घर विधवा पेन्शनवर चालते. तिच्या दारी नोटीस गेली असती, तर कागद वाचून द्यायला तिला भाऊ नाही.

सारा कर माझ्यावर बसला हे कळल्यापासून त्या पाच जणी नजर देत नाहीत. रुक्माबाई दुपारचा डबा घेऊन दूर गाडीच्या सावलीत बसते. मी बोलवायला गेली, तर म्हणाली, "कोणतं तोंड घेऊन येऊ, बाई?"

पैसे फिटतील रे. रुक्माबाईला परत जवळ कशी बसवू, तेवढं कळलं तर लिही.

लेकरांना जवळ घेतलं म्हणून सांग. पत्र टाकत जा.

तुझी
चंपाताई