फीत न कापलेलं एक्स-रे मशीन

ती. भीमराजदादास,

तुमची धाकटी बहीण कौसल्या हिचा मानाचा जयभीम. वहिनीची शुगर, पोरांच्या परीक्षा अन् तुमचं पक्षाचं तालुका उपाध्यक्षपद, सगळं धडधाकट असंन अशी आशा. आमची खुशाली विचारू नका. अक्षर वाकडं दिसंन, कारण डाव्या हातानं लिहून राह्यली. उजवा मोडला, हे तुम्हाले ठाऊकच आहे. (कसं ठाऊक झालं, तेही सांगते. दम धरा.)

नळावर पाय घसरला, मनगट सुजून टम्म झालं. आमचे हे म्हणाले, खाजगीत जाऊ. म्या म्हटलं, काहून? दादाच्या पक्षानं सरकारी दवाखान्यात नवं एक्स-रे मशीन आणलं, दर सभेत सांगतेत. (विरोधक म्हणतेत आम्ही आणलं. दोघंही टीव्हीवर गळा फाडून भांडतेत.) काळीपिवळीत हात पोटाशी धरून गेलो, तर मशीनले लाल फीत बांधलेली, वर झेंडूचा हार, पार वाळून गेलेला. मशीनवाला म्हणे, उद्घाटनाशिवाय फीत सोडता येत नाही, भीमराजभाऊंचा फोन आहे. म्या छाती फुगवून सांगतलं, तो माहा सख्खा भाऊ! तर म्हणे, मग तर तुम्हीच समजून घेतलं पाहिजे बाई. घ्या! दोन गोळ्या देल्या, पट्टी गुंडाळली अन् भरती करून घेतलं. कायले? तर नेते येतीन तेव्हा वार्ड भरलेला दिसावा.

तिसऱ्या दिवशी आले तुमचे साहेब, फळवाटपाले. अर्ध्या घंट्याआधी नव्या चादरी आल्या. (ते गेल्यावर घडी होऊन परत गेल्या.) नेमके तेव्हाच विरोधक धडकले, अन् डॉक्टरच्या जागा कोणाच्या राज्यात रिकाम्या झाल्या, यावर माह्या खाटेच्या दोन्हीकडून वाद. उद्घाटन राह्यलं बाजूले. अन् दादा, तुम्ही! कॅमेऱ्याकडं पाहत पाहत माह्या मोडक्या हातात केळं कोंबलं. मी किंचाळली. तुम्ही म्हणाले, "ताई, हसा जरा." ताई! चाळीस वर्ष मले "कवशे" म्हणणारा माणूस! फोटो निघेपर्यंत माह्या तोंडाकडं पाह्यलं नाही. पाह्यलं, तेव्हा साहेबांची गाडी सुटत होती म्हणून पळाले. आग लागो त्या पदाले.

उद्घाटनाची तारीख तीनदा पुढं गेली. वीस दिवसांनी यवतमाळले खाजगीत दाखवलं. हाड वाकडं जुळलं म्हणे, आता पुन्हा मोडून बसवा लागते. तुमचं तोंड मले या जन्मात दाखवू नका.

कौसल्या

ता. क. स्टँडवरच्या फ्लेक्सवर मी केळं घेऊन आहे, खाली लिहिलं "समाधानी रुग्ण". आजच्या आज उतरवा, नाहीतर डाव्या हातानं फाडते.

आणखी ता. क. ऑपरेशन बुधवारी सकाळी आहे. भूल देतेत म्हणे. मले लय भेव लागून राह्यलं, दादा. माय असती तर तुम्हाले लिहिलंच नसतं. साहेबाले आणू नका. तुम्ही या.